चौलच्या खाडीतले खुंट

आम्ही कर्जतकर डोंगराची माणसे. एकीकडे राजमाची, दुसरीकडे माथेरान, आणि मधून उल्हास नदी. पावसाळ्यात तिच्या अंगात येते आणि उन्हाळ्यात ती अंग चोरून बसते. समुद्र पाहायचा तर आम्हाला एक अख्खा दिवस खर्ची घालावा लागतो. तरीही समुद्राशी आमचे नाते तुटलेले आहे असे म्हणता येणार नाही. कारण दर वर्षी वैशाख सरता सरता तोच टोपलीत बसून आमच्या दारी येतो. पावसाच्या चार महिन्यांची आगोट भरून ठेवण्याची ज्या घरांना सवय आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. जवळा, करंदी, बोंबील, वाकट्या आणि शेवटी सोड्यांची एक लहानशी पुरचुंडी. ही पुरचुंडी पाहुण्यारावळ्यांसाठी. टोपली ओट्यावर उतरली की साऱ्या आळीला वर्दी मिळते, आणि ती द्यायला शब्दांची गरज पडत नाही.

आमच्याकडे ही टोपली आणणारी मावशी रेवदंड्याची. माझ्या लहानपणी ती आपल्या सासूच्या मागून नव्या सुनेच्या बेताने पावले टाकीत येई. आता तिचे केस पांढरे झाले आहेत आणि मी कॉलेजात पोरांना मराठी शिकवतो. मधल्या काळात तिची आणि माझ्या आईची जी घासाघीस चाले ती ऐकून नवख्या माणसाला वाटावे की आता या दोघी पुन्हा एकमेकींचे तोंड पाहणार नाहीत. घासाघीस संपली की दोघी चहा पीत आणि सुनांविषयी बोलत.

आई गेली त्याच्या पुढच्या वैशाखात मावशी आली. तिला कुणी कळवले नव्हते. ओट्यावर टोपली उतरवून तिने नेहमीप्रमाणे ‘‘वहिनी’’ म्हणून हाक मारली आणि आतून मी बाहेर आलो. ती बराच वेळ फडके न सोडता तशीच बसून राहिली. मग तिने मुकाट्याने आईचे नेहमीचे माप घातले, पैसे मोजून घेतले, आणि सोड्यांच्या पुरचुंडीचे मात्र काही केल्या घेईना. जाता जाता म्हणाली, ‘‘मास्तर, तुम्ही बुकं शिकवता. आमचे चौल-रेवदंड्याचं बुकात लई हाय म्हनतात. माझा पोरगा होरी विकाला निंघालाय. तुम्ही एक डाव येऊन त्याला सांगा, आपला धंदा केवढा जुना हाय तो. माझं तो ऐकत नाय.’’

मी तोंड भरून ‘हो’ म्हटले. खरे सांगायचे तर मला मोठी धन्यता वाटली. आम्हा मास्तरांच्या टिपणवह्या सहसा वाळवीखेरीज कुणाच्या उपयोगी पडत नाहीत. चौलवर तर माझ्यापाशी एक जाडजूड वही वीस वर्षे तयार होती. केव्हातरी एक निबंध लिहावा म्हणून जमवलेली आणि निबंध न झाल्यामुळे जाडच होत गेलेली. कार्तिकात, दिवाळीच्या सुटीत, ती वही पिशवीत टाकून मी निघालो.

कर्जतहून खोपोलीपर्यंत गाडी, आणि पुढे खोपोलीहून पेण, वडखळ, अलिबाग अशी एस. टी. या वाटेला मी जन्मभर ‘आडवाट’ समजत आलो. वही मांडीवर घेऊन खिडकीशी बसलो तेव्हा प्रथम ध्यानात आले की कोणे एके काळी हाच राजमार्ग होता, आणि आडवाटेला असलो तर आम्ही आज आहोत. चौल हे सातवाहनांच्या वेळचे बंदर. परदेशचा माल तिथे उतरायचा, खाड्यांतून पडावांनी आणि पुढे बैलांच्या पाठीवरून सह्याद्रीच्या पायथ्याला यायचा आणि बोरघाटासारख्या वाटांनी वर देशावर चढायचा. आमच्या कर्जतजवळची कोंडाण्याची लेणी काय किंवा घाट चढल्यावर लागणारी कार्ल्याची लेणी काय, ती अशा वाटांच्या कडेलाच खोदलेली आहेत. कोंडाण्याला तर खोदणाऱ्याने आपले नावसुद्धा कोरून ठेवले आहे: कान्हाचा शिष्य बालक. दोन हजार वर्षे उल्हासच्या खोऱ्यातला पाऊस खाऊन ते नाव शिल्लक आहे. छिन्नी हातात असली म्हणजे हा एक फायदा असतो.

खोपोलीला नाना फडणिसांचा तलाव आणि वीरेश्वराचे देऊळ गाडीतूनच नमस्कार करण्यापुरते दिसले. खालापूर तालुक्यातच, चावणीजवळ, उंबरखिंड आहे. १६६१ च्या फेब्रुवारीत कारतलबखान घाट उतरून कोकणात शिरू पाहत होता. त्याची फौज शिवाजीमहाराजांनी तिथल्या रानात अशी कोंडली की खानाला जीव वाचवून परत फिरण्यासाठी सारे सामानसुमान खाली ठेवावे लागले. म्हणजे घाटावरच्या प्रत्येकाला खाली समुद्राकडे यायचे होते, आणि समुद्रावरून आलेल्या प्रत्येकाला वर जायचे होते. आम्ही मधले. आमच्या अंगणातून सगळे गेले. थांबले कोण, तर पाऊस.

पेणच्या पुढे खारजमिनी लागल्या, वाऱ्याला मिठाचा वास आला आणि गाडीतल्या बायकांच्या बोलण्याला एक निराळाच हेल आला. अलिबागला गाडी बदलली. चौलपासून दोन्ही बाजूंनी नारळी-पोफळीच्या वाड्या सुरू होतात, त्या रेवदंड्यापर्यंत सोबत करतात. या वाड्यांत एके काळी नांदते शहर होते असे सांगितले तर खरे वाटणार नाही, इतकी तिथे आता सावली आहे.

या शहराची नावे तरी किती! पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात ते ‘सेमुल्ला’ आहे, टॉलेमीकडे ‘सिमुल्ला’, कान्हेरीच्या दानलेखांत ‘चेमुल’ आणि अरबांच्या तोंडी ‘सैमूर’. ९१६ च्या सुमाराला अल् मसूदी हा अरब प्रवासी इथे आला. त्या वेळी राज्य शिलाहार झंझाचे होते. सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इकडून आलेले आणि इथेच जन्मलेले मिळून सुमारे १०,००० मुसलमान या एका गावात राहत होते, आणि त्यांचे तंटे सोडवायला त्यांच्यातलाच एक प्रमुख राजाने नेमला होता, असे तो लिहितो. दहाव्या शतकातल्या एका कोकणी राजाने परक्यांना आपल्या बंदरात असे वसवून घेतले, ही गोष्ट मी दर वर्षी वर्गात आवर्जून सांगतो.

पुढे १४६९ च्या सुमाराला अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी होर्मुजहून इथे उतरला. त्याने बरोबर एक घोडा आणला होता. हिंदुस्थानात घोडे होत नाहीत, तेव्हा दामदुपटीने विकू, असा त्याचा हिशेब. चौलपासून घाट चढून तो जुन्नरला गेला, पावसाळाभर तिथल्या चिखलात अडकून पडला, आणि जुन्नरच्या खानाने घोडाच जप्त केला. मुसलमान हो, म्हणजे घोडा परत देतो, अशी अट! अखेर एका खुरासानी गृहस्थाच्या मध्यस्थीने धर्म आणि घोडा दोन्ही वाचले. वास्को द गामाच्या पंचवीस-तीस वर्षे आधीची ही हकीकत. रेवदंड्याला आता या निकितीनचे स्मारक आहे. घोड्याचा उल्लेख त्यावर असायला हवा होता असे आपले माझे मत.

आणि मग पोर्तुगीज आले. निजामशहाच्या परवानगीने त्यांनी १५२१ ते १५२४ च्या दरम्यान खाडीच्या तोंडाशी किल्ला बांधला. तेच आजचे रेवदंडा. आतले जुने चौल ते ‘वरचे’ आणि हे ‘खालचे’, अशी दोन चौले शेजारी शेजारी नांदू लागली. १५७०–७१ मध्ये मूर्तझा निजामशहाने किल्ल्याला महिनोन्‌महिने वेढा घातला, पण तो पडला नाही. १७४० साली तहाने तो मराठ्यांकडे आला तेव्हा बंदराचे वैभव आधीच ओसरलेले होते. सुरत आणि मुंबई वाढल्या, चौलचे रेशमी विणकर मुंबईकडे गेले, खाडीत गाळ साठला.

एस. टी. किल्ल्याच्या तटातूनच गावात शिरते. तटाला वडा-पिंपळांची मुळे अशी बिलगली आहेत की आता कोण कोणाला धरून उभा आहे ते सांगता येऊ नये. आत वाड्यांमध्ये पडक्या चर्चांच्या कमानी. एका कमानीखाली कुणी सुपारी वाळत घातली होती. समुद्राच्या बाजूला तो उंच मनोरा, त्याला लोक सातखणी म्हणतात. तो फ्रान्सिस्कन पाद्र्यांच्या चर्चचा मनोरा. त्याच्या पायथ्याशी तोफा लोळत पडल्या आहेत. मी वही उघडून प्रत्येक दगडाशी तिची गाठ घालून दिली, आणि चार वाजता फार प्रसन्न चित्ताने कोळीवाड्याकडे वळलो.

मावशीचा ओटा सारवलेला होता. समोर अंगणात बांबूंच्या मांडवावर बोंबील एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून लोंबत होते. मला खुर्ची दिली. मावशी उंबऱ्यात बसली, तिचे वृद्ध दीर खांबाला टेकून, आणि मुलगा ओट्याच्या कडेला जाळ्याचा फाटका भाग मांडीवर घेऊन, हातातली सुई न थांबवता. चाळिशीचा, शांत, कमी बोलणारा. त्याला माझ्या येण्याचे कारण ठाऊक होते हे उघड होते, आणि ते त्याने मनाला लावून घेतले नव्हते, हेही.

मी सुरुवात केली. ग्रीक झाले, अरब झाले, निकितीनच्या घोड्यावर मावशी खुदकन हसली. वेढ्याचे वर्णन करताना माझा आवाज वर्गातल्यासारखा चढला. अर्धा तास मी बोललो असेन. पोराने सुई थांबवली आणि अगदी अदबीने विचारले, ‘‘सर, ह्यात आमी कुठं हाव?’’

वर्गात असा प्रश्न आला असता तर मी ‘तुम्ही म्हणजे बहुजनसमाज’ वगैरे काहीतरी म्हणून वेळ मारून नेली असती. इथे तसे करण्याची सोय नव्हती. मी वही चाळू लागलो. राजे होते, सुभेदार होते, सावकार होते, पाद्री होते. कान्हेरीला दान देणारे चेमुलचे लोक होते. घोडासुद्धा होता. दोन हजार वर्षे या बंदरात ज्यांच्या होड्या रोज हालल्या त्यांच्याविषयी एक ओळ मला सापडेना. माझ्या कपाळाला घाम आला. आणि मग एका पानावर, समासात, बारीक अक्षरात मीच कधीतरी केलेली नोंद दिसली: ‘खुंट. १५०८.’

ती हकीकत अशी. पोर्तुगीजांचा हिंदुस्थानातला पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द अल्मेइदा. त्याचा तरणाबांड मुलगा लोरेन्सु १५०८ च्या मार्चमध्ये काही व्यापारी गलबतांच्या रक्षणासाठी आपले आरमार घेऊन याच खाडीत नांगरून होता. तेवढ्यात इजिप्तच्या सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली येऊन थडकले आणि मागोमाग दीवचा मलिक अयाझही आला. दिवसामागून दिवस लढाई झाली. शेवटी पोर्तुगीजांनी भरतीओहोटीचा मेळ पाहून खाडीबाहेर निसटायचे ठरवले. बाकीची जहाजे निघाली. लोरेन्सुच्या जहाजाला मात्र पाण्याच्या पातळीजवळ गोळा लागून भोक पडले, ते एका अंगाला कलले, प्रवाहाबरोबर वाहत गेले आणि कोळ्यांनी मासेमारीसाठी पाण्यात रोवलेल्या खुंटांमध्ये जाऊन अडकले. दुसऱ्या जहाजाने दोर टाकून ओढायचा प्रयत्न केला, पण दोर तुटला. लोरेन्सुच्या मांडीवर गोळा लागला; तो डोलकाठीशी बसून हुकूम देत राहिला आणि दुसऱ्या गोळ्याने मेला. पुढच्या वर्षी बापाने दीवच्या समुद्रात त्याचा सूड घेतला, आणि त्या लढाईनंतर अरबी समुद्र पोर्तुगीजांचा झाला. त्यांच्या महाकवी कामोइंशनेही या लोरेन्सुचे मरण गायिले आहे.

‘‘म्हणजे,’’ मी विजयी मुद्रेने म्हणालो, ‘‘व्हाइसरॉयचा मुलगा अडकला तो तुमच्या खुंटांत! १५०८ सालीही ते इथे होते. पोर्तुगीज बखरकारांनी स्वतः लिहून ठेवले आहे.’’

काका ताठ बसले. खुंट म्हटल्यावर गोष्ट त्यांच्या हद्दीत आली होती. खुंट कसा मारतात ते त्यांनी मला समजावून दिले. लांब सोट दोन होड्यांच्या मध्ये उभा धरायचा, भरती असताना तो होड्यांना जखडून टाकायचा, आणि मग हाताने काही करायचे नाही. ओहोटी लागली की पाणी उतरते, होड्यांचा भार खुंटावर येतो आणि खुंट आपसूक चिखलात रुततो. वर माणसे उभी राहून झुलतात, ती नुसती मदतीला. मग दोन खुंटांच्या मध्ये डोल बांधायची. डोल म्हणजे लांबलचक पिशवीसारखे जाळे. तिचे तोंड प्रवाहाकडे. पाणी येईल तशी मासळी आत जाते. पाणी फिरण्याच्या वेळेला ती उपसायची. ‘‘आमी मासली पकरत नाय,’’ काका म्हणाले, ‘‘पानी आनून देतं. आमी वेल सांभालतो.’’

मी लिहून घेत होतो. आणि मावशी उंबऱ्यातून म्हणाली, ‘‘मास्तर, त्या जाल्यांचं पुढं काय जालं?’’

‘‘कुठल्या?’’

‘‘ते जहाज खुंटांत घुसलं तवा डोली बांधलेल्या असतील. खुंट मोरले असतील. त्याचं कोनी काय दिलं का?’’

मी वहीकडे पाहिले. दोन आरमारे, दोन सुलतान, एक व्हाइसरॉय आणि एक महाकवी यांच्यापैकी कुणालाही हा प्रश्न पडलेला नव्हता. वीस वर्षांत मलाही पडला नव्हता. जिचे जाळे आहे तिला तो एका क्षणात पडला.

पोराने मांडीवरचे जाळे उचलून दाखवले. मला वाटले होते ते जुने होऊन फाटले आहे. ते तसे नव्हते. गेल्या हंगामात रात्रीच्या वेळी एक मालवाहू बार्ज वाट सोडून आत आली आणि त्याची बांधलेली डोल तोडून घेऊन गेली. हा उरलेला तुकडा. बार्जीचे नाव अंधारात दिसले नाही. ‘‘चारशे की पाचशे वर्सांनी कोन तुमच्यासारखा येईल,’’ तो म्हणाला, ‘‘त्याच्या बुकात बार्ज असल.’’ यात कडवटपणा नव्हता. होडी विकण्यामागची इतर कारणेही त्याने तशीच सांगितली. डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी. रात्री प्रखर दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या मोठ्या नौका; त्या प्रकाराला केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली आहे, पण समुद्रावर बंदी दिसत नाही, दिवे दिसतात. त्याच्या मुलीला नर्सिंगला घालायचे आहे. जुना धंदा म्हणून तो धरून ठेवावा हे आईचे म्हणणे त्याला कळत होते. जुना आहे म्हणूनच त्याचे काही होत नाही, असे त्याला वाटत होते. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

रात्री तिथेच राहिलो. पहाटे तो मला बंदरावर घेऊन गेला. खाडीवर धुके होते, पलीकडे कोर्लईचा डोंगर पाठ वर काढून बसला होता. त्याच्या पायथ्याच्या गावात अजून हजाराच्या आसपास माणसे घरात पोर्तुगीजातून निघालेली बोली बोलतात आणि तिला ‘नो लिंग’, म्हणजे आपली भाषा, म्हणतात. दोन होड्या लागल्या होत्या. बायका टोपल्या घेऊन गुडघाभर पाण्यात उतरल्या आणि लिलाव सुरू झाला.

त्या गलक्यात उभा असताना माझ्यातला भाषेचा मास्तर जागा झाला. लिलाव! हा शब्द पोर्तुगीज; आणि पोर्तुगीजांनी तो अरबांकडून उचललेला, असे जाणकार म्हणतात. जिच्यातून कोळंबी ओतली जात होती ती बालदी पोर्तुगीज. होडीचा धनी तो नाखवा, हा फारसी ‘नाखुदा’, नावेचा मालक. खलाशी अरबी. बंदर तर फारसीच. आणि डोल, खुंट, होडी ही घरची. रात्री जे राजेरजवाडे मला वहीतून वाचून दाखवावे लागले ते सारे इथे त्या बायकांच्या तोंडात होते आणि त्यांना त्याचे ओझे होत नव्हते. मी हे पोराला सांगितले. तो हसला. पहिल्यांदाच हसला. म्हणाला, ‘‘लिलाव त्यांचा, पन भाव आमचा,’’ आणि टोपली पुढे सारायला गेला.

परतताना मी त्याला विचारले की तुटलेल्या डोलीचा अर्ज केला का. केला नव्हता. तोंडी सांगितले होते. तेव्हा माझ्या ध्यानात आले की या घराच्या उपयोगी पडेल अशी एक विद्या आपल्यापाशी खरोखर आहे. मी वहीची मागची कोरी पाने फाडली, ओट्यावर बसलो आणि शुद्ध, सरकारी, कर्मणी प्रयोगाच्या मराठीत अर्ज लिहायला घेतला. तारीख. वेळ. डोलीची लांबी, किंमत, दोरखंड, तरंड, खुंट दोन. सगळे सरळ उतरत गेले आणि ‘स्थळ’ या शब्दाशी येऊन अडले. पाण्यातली जागा कागदावर कशी लिहायची?

‘‘त्यात काय,’’ काका म्हणाले. डोळे मिटून त्यांनी सांगितले. कोर्लईच्या माथ्यावरचा बुरूज आणि अमक्या देवळाचा कळस एका रेषेत आला पाहिजे. आणि दुसऱ्या बाजूला सातखणी त्या दोन माडांच्या बरोबर मधे. या दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतील तिथे आमचा खुंट. त्यांच्या बापाने त्यांना हे असेच सांगितले होते. तेव्हा माड वेगळे होते. नातीने मोबाइलवर आकडे काढून दाखवले तेही मी लिहिले, पण आधी काकांचे लिहिले. तो मनोरा ज्या पाद्र्यांनी बांधला त्यांना ठाऊक नसेल की आपण कोळ्यांचा खुंट सापडावा म्हणून एवढी मेहनत करीत आहोत.

मी अर्जाच्या दोन प्रती केल्या, एकीवर पोच घ्यायला बजावले, आणि दुपारच्या गाडीने निघालो. होडीविषयी मी काही बोललो नाही. मावशीनेही विचारले नाही. तिने एक पुडके माझ्या पिशवीत, वहीच्या शेजारी कोंबले. परिणामी माझ्या वहीला आता जो वास येतो तो वाळवीलासुद्धा आवडेल असे वाटत नाही.

या वैशाखात ती आली. गुडघ्याने त्रास दिला होता, म्हणून टोपली नातीने आणली होती, आणि नात नव्या माणसाच्या बेताने मागे उभी होती. जवळा महाग होता. मी घासाघीस करून पाहिली. ती मला साधत नाही. माप घालून झाल्यावर मावशीने कनवटीची प्लॅस्टिकची पिशवी सोडली आणि चार घड्या घातलेला एक कागद माझ्यापुढे धरला. अर्जाची प्रत. कोपऱ्यात कचेरीचा निळा शिक्का आणि आवक क्रमांक. त्यापुढे काही झाले नव्हते.

‘‘हा तुमचेकडे ठेवा,’’ ती म्हणाली. ‘‘आमचे घरात पानी येतं.’’

‘‘आणि होडी?’’

‘‘गिऱ्हाईक आलतं. नारली पुनवेपरत थांब म्हनलाय त्याला.’’

मी कागद वहीत ठेवला, १५०८ च्या पानात. नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर नातीचा फोन आला. नर्सिंगला नाव लागले होते. होडीला नवा रंग काढला होता, आणि डोल अजून जुनीच, सांधलेली होती.